१९७१ ची फियाट ११०० डी घ्यावी का? घोडबंदर रोडवर चालेल का?

घोडबंदरकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. वाशीला एक १९७१ ची फियाट ११०० डी, म्हणजे डिलाइट, विकायला आहे. नंबर जुन्या तीन अक्षरी मालिकेचा, आरसीवर दुसरा मालक. इंजिन मूळ १०८९ सीसी पेट्रोल, गिअर स्टिअरिंगवर, बॅटरी चार्ज करायला जुना डायनॅमो, चारही चाकांना ड्रम. रंग नुकताच केलेला, चकचकीत. नोंदणीची मुदत पुढच्या वर्षी संपते.

मी ठाण्यात कासारवडवलीला राहतो, ऑफिस वागळे इस्टेटला. सोसायटीत पार्किंग एकच आहे आणि तिथे सध्या दहा वर्षांची हॅचबॅक उभी असते. विचारायचं आहे ते असं: बघायला जाताना नेमकं काय तपासायचं? ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलवर ही गाडी टिकेल का? गाडी ५० वर्षांवरची आहे, तर व्हिंटेज नंबर घ्यावा का? आणि हॅचबॅक काढून रोज हिच्यावरच जाणं शक्य आहे का, की हा हट्ट सोडून द्यावा? जाणकारांनी सविस्तर सांगावं.

तुर्भे_लेथ

रंग नवा आहे, हीच पहिली काळजीची गोष्ट. विकण्यापूर्वी केलेल्या रंगाखाली काय आहे ते शोधणं हे तुमचं पहिलं काम. इंजिन शेवटी बघा.

अकराशेच्या इंजिनाचे पिस्टन, रिंगा, बेअरिंग ऑपेरा हाउसला आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडला शोधले तर मिळतात. बोअर, क्रँक ग्राइंडिंग, व्हॉल्व्ह सीटचं काम वागळे इस्टेट आणि तुर्भे एमआयडीसीत होतं. कुजलेला पत्रा दुकानात मिळत नाही. तो हातोडीने घडवावा लागतो, आणि खर्चाचा मोठा वाटा तिथेच जातो. या गाडीला वेगळी चॅसिस नाही, पत्र्याचं कवच हीच तिची चॅसिस. त्यामुळे खालचा पत्रा गेला तर नुसतं रूप जात नाही, गाडीची ताकदच जाते.

सोबत न्यायचं सामान: मऊ फडक्यात गुंडाळलेला लहान लोहचुंबक, टॉर्च, बोथट स्क्रू ड्रायव्हर, जॅक, फिलर गेज (बारीक फटी मोजायच्या पट्ट्या), कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजायला), मल्टिमीटर. शक्यतो पाऊस पडून गेल्यावर जा आणि गाडी आधी चालू करून ठेवू नका असं मालकाला सांगा. थंड इंजिन कसं उचलतं ते बघायचं आहे.

चुंबक फिरवायचा तो दरवाज्यांच्या खालच्या चार बोटांवर, चाकांच्या कमानींवर, पुढच्या काचेच्या खालच्या दोन कोपऱ्यांत आणि डिकीत स्टेपनीच्या खळग्यात. जिथे तो धरत नाही तिथे लांबी, म्हणजे रंगाखालची पुट्टी, भरलेली आहे. दोन-तीन मिलिमीटर लांबी ठोकर काढताना लागते, ते समजू शकतो. पण दरवाज्याखालच्या सिलवर लांबी असेल तर तिथे पत्राच उरलेला नाही असं धरा. मग कार्पेट आणि खालचा डांबरी थर उचलून फ्लोअर बघा. ओल असेल तर पाणी काचेच्या रबरातून किंवा दरवाज्याच्या खालून येतं आहे.

सिलची खरी परीक्षा जॅकची. गाडीच्या जॅक पॉइंटवर एक बाजू उचला आणि त्याच बाजूचा दरवाजा उघडून लावून बघा. जमिनीवर सहज लागणारा दरवाजा आता घासत असेल, फट वर आणि खाली सारखी राहत नसेल, तर कवच वाकतं आहे. तिथे व्यवहार थांबवा. वाशी, ऐरोली, कोपरखैरणे या खाडीकाठच्या भागात उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाडीला मागच्या कमान-पाट्याचं पुढचं टोक जिथे बॉडीला अडकतं तिथेही गंज धरतो. तिथे स्क्रू ड्रायव्हर टेकवून जोर द्या. आत गेला तर ते काम जाड पत्र्याचं आहे, रंगाऱ्याचं नाही.

अजून एक. मुंबईत याच घराण्यातल्या पद्मिनी टॅक्स्या हजारोंनी होत्या. शेवटची २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवला नोंदली गेली आणि २० वर्षांची मर्यादा भरून ऑक्टोबर २०२३ ला रस्त्यावरून उतरली. आरसी जुन्या खाजगी गाडीची आणि कवच टॅक्सीचं, अशी जोडणी बाजारात सापडते. ओळखायची खूण म्हणजे डिकीच्या फ्लोअरला सीएनजी टाकीच्या पट्ट्यांची बुजवलेली भोकं, दरवाज्याच्या बिजागरीमागे किंवा डॅशच्या आतल्या बाजूला उरलेला काळा-पिवळा रंग, छताच्या मध्यभागी वेल्डिंग. चेसिस नंबरची पेन्सिलने छाप घ्या आणि आरसीशी अक्षर अन् अक्षर ताडून बघा. नंबराच्या आजूबाजूचा पत्रा ग्राइंडरने घासलेला असेल तर किंमत कितीही कमी असो, घेऊ नका.

टॅक्स्यांमुळेच इतकी वर्षं पार्ट मिळत राहिले. आता तो झरा आटतो आहे. डिलाइटची पुढची जाळी आणि नंतरच्या पद्मिनीची जाळी वेगळी आहे. जाळी, क्रोम पट्ट्या, टेल लाइटच्या काचा, हँडल, मीटर हे सगळं जागेवर आणि त्याच मॉडेलचं आहे का, ते यादी करून बघा. ब्रेकचं काम आठवड्यात उरकतं, बरोबर काच शोधायला वर्ष जाऊ शकतं.

आता इंजिन. गरम झाल्यावर चारही प्लग काढा, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि प्रत्येक सिलिंडरवर सेल्फ पाच-सहा दणके मारा. ११० ते १४० पीएसआयच्या दरम्यान आकडे यावेत. आकड्यापेक्षाही चौघांतला फरक महत्त्वाचा, तो १० टक्क्यांच्या आत हवा. एखादा कमी आला तर त्या प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा घ्या. आकडा चढला तर रिंगा किंवा बोअर, नाही चढला तर व्हॉल्व्ह. शेजारचे दोन एकत्र कमी असतील तर हेड गॅस्केटवर (इंजिनाचं वरचं डोकं, म्हणजे हेड, आणि खालचा ब्लॉक यांमधल्या पत्रीवर) संशय घ्या.

रेडिएटरचं झाकण थंड असताना उघडा. पाणी तांबूस असेल तर नीट ऐका: हेड अॅल्युमिनियमचं आणि ब्लॉक बिडाचा. दोन वेगळे धातू आणि मधे नळाचं किंवा बोअरचं पाणी, म्हणजे अॅल्युमिनियम झिजायला मोकळं. वर्षानुवर्षं साधं पाणी घातलेल्या गाड्यांत हेडच्या पाण्याच्या वाटांच्या कडा खाल्लेल्या असतात आणि गॅस्केट कितीही बदललं तरी पुन्हा फुटतं. घेतल्यावर आधी सिस्टीम धुऊन शुद्ध पाण्यात ३० ते ५० टक्के कूलंट भरा. थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी अडवणारी झडप) काढून टाकलेला असेल तर परत बसवा. "आपल्याकडे गरमी, थर्मोस्टॅट कशाला" हे चूक आहे. तो नसला की इंजिन थंडच धावतं, पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं आणि बोअर घासतो. गाडी तापते तेव्हा बहुतेकदा दोष चोंदलेल्या रेडिएटरचा असतो.

एमएच०४

कागदपत्रांबद्दल.

१५ जुलै २०२१ च्या अधिसूचनेने केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज वाहनांचा वेगळा भाग आला. ५० वर्षांहून जुनी, खाजगी, मूळ स्वरूपात ठेवलेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. चॅसिस, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा बदल केलेला नसावा. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुढच्या नोंदणीला ५,०००. नव्याने नोंदली तर नंबरात व्हीए ही अक्षरं येतात. आधीच नोंदलेल्या गाडीला आपला जुना नंबर ठेवता येतो.

तुमच्यासाठी खरी मेख पुढे आहे. व्हिंटेज म्हणून नोंदलेली गाडी नेहमीच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी रस्त्यावर आणता येत नाही. रॅली, प्रदर्शन, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच. कासारवडवली ते वागळे इस्टेट रोज जाणं त्यात बसत नाही. म्हणून चालवायची असेल तर साधी नोंदणीच जिवंत ठेवा. फॉर्म २५ भरून, गाडी आरटीओत दाखवून दर पाच वर्षांनी नूतनीकरण. २० वर्षांवरच्या मोटारीला हे शुल्क ऑगस्ट २०२५ पासून १०,००० रुपये आहे. आयात गाडीला ८०,०००, पण तुमची कुर्ल्याच्या कारखान्यातली, त्यामुळे तो प्रश्न नाही. पर्यावरण कर वेगळा, आणि एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर प्लेट) पाटीही लावावी लागेल.

पैसे देण्याआधी वाहन पोर्टलवर नंबर टाकून बघा. जुन्या हस्तलिखित आरसीच्या अनेक गाड्या तिथे दिसतच नाहीत. तसं असेल तर बॅकलॉग एन्ट्री (जुनी नोंद पोर्टलवर चढवणं) विकणाऱ्यानेच त्याच्या आरटीओत करून घ्यायची, ही अट लेखी ठेवा. तुमच्या नावावर काम आलं की फेऱ्या तुम्हालाच. मग मालकी बदलायला फॉर्म २९, ३०, आणि गाडी ठाण्याबाहेरच्या आरटीओची असेल तर फॉर्म २८ ची एनओसी.

१५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्या बंद, हे दिल्ली परिसरापुरतं आहे. ते महाराष्ट्राला लावून कोणी भाव पाडत किंवा घाबरवत असेल तर मनावर घेऊ नका.

विम्याचं एक लक्षात घ्या. पाच वर्षांवरच्या गाडीची आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत) तुम्ही आणि कंपनी यांच्यात ठरते. चारही बाजूंचे फोटो आणि खर्चाच्या पावत्या जोडून आकडा ठरवून घ्या, नाहीतर भंगाराची किंमत लिहिली जाते.

घोडबंदरकर

दोघांचे आभार. म्हणजे व्हीए नंबरचा विषय संपला. मालक म्हणतो ई-२० ने काही होत नाही. एक मेकॅनिक म्हणाला लिटरमागे थोडं टू-टी (टू-स्ट्रोक स्कूटरचं) ऑइल घाला, सगळं ठीक राहील. दोघांपैकी कोण बरोबर?

जेट_नंबर

दोघेही चूक.

ई-२० या गाडीला दोन वेगळ्या मार्गांनी त्रास देतं आणि दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

पहिला मार्ग मिश्रणाचा. शुद्ध पेट्रोलला एका भागामागे १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला साधारण ९. ई-२० ला सुमारे १३.५. नव्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर हे ओळखतो आणि इंजेक्टर जास्त वेळ उघडा ठेवतो. कार्बोरेटरला काही कळत नाही. तो आधीच्याच जेटमधून (इंधन मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या पितळी तुकड्यातून) तेवढंच इंधन देतो आणि मिश्रण सुमारे ८ टक्के पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं. लक्षणं: थंडीत चोक जास्त वेळ लागणं, पाय दाबताच गाडी क्षणभर अडखळणं, कार्बोरेटरमधून फटका, चढावर ताप वाढणं. असंच चालवत राहिलं की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो.

उपाय जेटचा. कार्बोरेटर उघडून मेन जेटवरचा आकडा वाचा. समजा १२० आहे, तर १२५ लावा. व्यासात वाढ जेमतेम ४ टक्के, पण भोकाचं क्षेत्रफळ साडेआठ टक्के वाढतं, म्हणजे हवं तेवढंच. जेट तारेने किंवा ड्रिलने मोठा करू नका, भोकाची कड बिघडली की प्रवाह मोजता येत नाही. आयडलिंगचा जेट बदलायची गरज सहसा पडत नाही. मिक्श्चरचा स्क्रू पाव-पाव फेऱ्याने सोडत जा आणि पीयूसीच्या मशीनवर सीओ (कार्बन मोनॉक्साइड) बघा. या काळातल्या पेट्रोल मोटारीला मर्यादा ३ टक्के आहे. २ ते अडीचच्या दरम्यान इंजिन शांत चालतं आणि पीयूसीही मिळते.

जेट बदलण्याआधी मॅनिफोल्डचं गॅस्केट आणि थ्रॉटलच्या दांड्याची झीज बघा. तिथून हवा खेचली जात असेल तर जेट मोठा करूनही पातळपणा जात नाही आणि माणूस जेटमागून जेट बदलत बसतो. इंजिन चालू असताना सांध्यांवर थोडं कार्बोरेटर क्लीनर फवारा. गरम एक्झॉस्टवर नाही, ते पेटतं. आवाज बदलला तिथे गळती.

दुसरा मार्ग रबर आणि धातूचा. इथेनॉलने जुनं नायट्राइल रबर आधी फुगतं, मग चिरतं. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतची प्रत्येक रबरी नळी बदला, आणि नवी घेताना तिच्यावर एसएई जे३० आर९ हे छापलेलं हवं. मीटरवर मिळणारी बिनछापाची काळी नळी नको. पंपाचा डायफ्राम, कार्बोरेटरचं नीडल व्हॉल्व्ह आणि गॅस्केट किट इथेनॉल सोसणारं घ्या. टाकीच्या आत टॉर्च मारून बघा. इथेनॉल ओल ओढून घेतं आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात ओलीला तोटा नाही. पाणी साचलं की ते इथेनॉल घेऊन तळाला बसतं आणि टाकी आतून गंजते. जून ते सप्टेंबर गाडी कमी फिरणार असेल तर टाकी काठोकाठ भरून ठेवा, आत हवा कमी राहते. दोन-तीन महिन्यांपेक्षा जुनं पेट्रोल काढून टाका.

आणि पहिल्या दोन-तीन टाक्यांना फिल्टर सारखा बघा. इथेनॉल टाकीतली जुनी घाण सोडवतं आणि ती सगळी फिल्टरमध्ये येते. गाडी अचानक बंद पडली की लोक कॉइल बदलतात आणि दोष सापडतो दहा-वीस रुपयांच्या चोंदलेल्या फिल्टरात.

टू-टी ऑइल यातलं काहीच सोडवत नाही. रबर वाचत नाही, आणि जळण्याजोगं हलकं इंधन तेवढं कमी झाल्याने मिश्रण तसूभर आणखी बिघडतं. प्लग मात्र काळे होतात. महागडं जास्त ऑक्टेनचं पेट्रोलही नको, या इंजिनाचं कॉम्प्रेशन इतकं कमी आहे की त्याचा उपयोग होत नाही.

घोडबंदरचा प्रश्न वेगळा आहे. पातलीपाडा-मानपाड्याच्या कोंडीत मे महिन्यात इंजिनवर बसलेला पंप तापतो, पेट्रोलची वाफ होते आणि पंप नुसती वाफ ढकलत राहतो. टॅक्सीवाले पंपावर ओलं फडकं टाकायचे ते यासाठीच. कायमचा उपाय म्हणजे पंप आणि ब्लॉकमधला जाड इन्सुलेटर जागेवर आहे ना बघणं, नळी एक्झॉस्टपासून दूर वळवणं, आणि एवढ्यानेही भागलं नाही तर टाकीजवळ कमी दाबाचा इलेक्ट्रिक पंप. दाब २ ते ३ पीएसआय, त्याहून जास्त नाही. इंजेक्शनच्या गाडीचा पंप ४० च्या वर देतो, तो लावला की फ्लोट चेंबर (कार्बोरेटरमधली पेट्रोलची वाटी) उतू जाऊन पेट्रोल एक्झॉस्टवर सांडतं. पंपाची वायर ऑइल प्रेशर स्विचमधून घ्या, म्हणजे इंजिन बंद पडलं की पंपही बंद.

पारसिक_हिल

या चर्चेत एक गोष्ट कोणी बोलत नाही म्हणून लिहितो. रोज वापरायला ही गाडी घेऊ नका. घोडबंदर रोडवर जेएनपीटीहून गुजरातकडे जाणारे कंटेनर आहेत, तीच गर्दी मुंब्रा बायपासला. १९७१ च्या गाडीत धडकेची ताकद शोषणारा पुढचा भाग नाही. स्टिअरिंगचा दांडा दबून आत जात नाही, तो सरळ छातीकडे येतो. हेडरेस्ट नाही, पुढचं आसन सलग बाक. "जुना पत्रा जाड, म्हणून गाडी मजबूत" हा समज धोकादायक आहे. पत्रा वाकला नाही तर धक्का माणसाला बसतो.

तुमच्या दहा वर्षांच्या हॅचबॅकमध्ये निदान हा पुढचा भाग आणि नीट पट्टे आहेत. एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या मोटारींना एबीएस (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा), जानेवारी २०२२ पासून पुढच्या दोन एअरबॅग सक्तीच्या झाल्या, ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅपच्या धडक-चाचण्या सुरू झाल्या. जुन्या गाडीवर प्रेम मीही करतो. पण मुलाला शाळेत सोडायला नवी गाडी, रविवारी सकाळी पाम बीच रोडला फियाट, यातच दोघींचा मान राहतो.

पार्किंग एकच असेल तर मधला मार्गही आहे. १९९० च्या दशकातली झेन किंवा ८००. एफआयव्हीए या जागतिक संघटनेच्या व्याख्येत ३० वर्षांवरची गाडी ऐतिहासिक धरतात, म्हणजे १९९३ ची झेन त्यात केव्हाच आली. सगळे गिअर सिंक्रो (गाडी चालू असतानाही दात न घासता पडणारे), पुढे डिस्क ब्रेक, अल्टरनेटर, पार्ट ठाण्यातच.

तुर्भे_लेथ

पारसिक_हिल यांच्याशी बहुतेक सहमत. सिंक्रोचा मुद्दा महत्त्वाचा आहे: ११०० डी ला पहिला गिअर सिंक्रो नाही. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकला की दात घासतात. रांगत्या कोंडीत रोज शे-दोनशे वेळा ते सांभाळायचं, यात गिअरबॉक्स लवकर जातो.

एका ठिकाणी मात्र मत वेगळं आहे. सुरक्षेसाठी या गाडीत काहीच करता येत नाही असं नाही. मूळपणाचा आग्रह रंग, क्रोम, आसनं, मीटर, इंजिन यांत धरा. ब्रेक, इंधनाची नळी आणि वायरिंग या तीन ठिकाणी धरू नका.

ब्रेकचा मास्टर सिलिंडर एकेरी आहे. एका चाकाचं रबर फुटलं तरी पेडल तळाला जातं आणि चारही ब्रेक जातात. दुहेरी मास्टर सिलिंडर बसवून पुढची आणि मागची लाइन वेगळी करणं हा या गाडीवरचा सगळ्यात मोलाचा खर्च. बॉडीला हात लागत नाही आणि जुना सिलिंडर जपून ठेवला तर केव्हाही मूळ रूप परत आणता येतं. तीन लवचिक होज, पुढचे दोन आणि मागचा एक, वरून कितीही चांगले दिसले तरी बदला. ते आतून फुगतात, तेल जाऊ देतात पण परत येऊ देत नाहीत, आणि चाक धरून राहतं. ब्रेक ऑइल डॉट ३ किंवा ४, दर दोन वर्षांनी नवं. पावसात ड्रममध्ये पाणी गेलं की पहिला ब्रेक लागत नाही, डबक्यातून बाहेर आल्यावर पाय हलका टेकवून थोडं अंतर चालवा.

पुढच्या दोघांना पट्टे लावा. पण भोक पाडून नुसता नट मारायचा नाही, मागून जाड पोलादी पट्टी वेल्ड केलेली हवी.

इंजिन ऑइल २०डब्ल्यू-५० मिनरल. आजचं ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० या इंजिनाच्या फटींना फार पातळ आहे, आणि सपाट टॅपेटला (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाला) लागणारं जस्त-फॉस्फरस त्यात कमी ठेवलेलं असतं, कारण नव्या गाड्यांचं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर त्याने खराब होतं.

नव्या गाड्यांबद्दल माझी तक्रार एकच, ती सुरक्षेबद्दल नाही. ११०० डी चा प्रत्येक भाग मोजता येतो आणि लेथवर पुन्हा करता येतो. आजच्या गाडीत खिडकीपासून चावीपर्यंत सगळं कंट्रोल मॉड्यूलशी बोलतं. कंपनीने ते मॉड्यूल बनवणं थांबवलं, की ३० वर्षांनी इंजिन धडधाकट असूनही गाडी उभी राहील. तो भाग घडवणारा लेथ नाही.

बारा_व्होल्ट

वायरिंगचं राहिलं होतं.

डायनॅमो आयडलिंगला जवळपास चार्ज देत नाही. हेडलाइट, वायपर, टेल लाइट आणि इग्निशन मिळून २०० वॉटच्या वर जातं. पावसाळी संध्याकाळी गायमुखला अर्धा तास रांगेत राहिलात की सगळं बॅटरीतून जातं. ३५ ते ४५ अँपिअरचा छोट्या गाडीचा अल्टरनेटर कंस बनवून बसतो. बसवताना डायनॅमोचा जुना कटआउट-रेग्युलेटर सर्किटमधून काढायचा, आणि बॅटरीपासूनची मुख्य वायर जाड करायची. ही शेवटची गोष्ट विसरली की वायर तापते.

हेडलाइटचा करंट थेट स्विचमधून जातो. बल्बच्या पिनवर मल्टिमीटर लावा. बॅटरीवर १२.६ आणि बल्बवर १०.५ असेल तर उजेड जवळपास निम्मा झालेला असतो, कारण व्होल्टेज थोडा पडला तरी उजेड फार पडतो. दोन ३० अँपिअरचे रिले, अडीच चौरस मिलिमीटरची वायर, स्वतंत्र फ्यूज आणि बॉडीला स्वच्छ अर्थ. ६०/५५ वॉटचे हॅलोजन पुरे. जुन्या रिफ्लेक्टरात एलईडी बल्ब घालू नका, समोरच्याच्या डोळ्यांत जातो आणि आपल्याला रस्ता दिसत नाही.

पॉइंटचा (डिस्ट्रिब्युटरमधल्या ठिणगी सोडवणाऱ्या संपर्काचा) गॅप ०.४ ते ०.५ मि.मी. दरम्यान, पण घासलेल्या पॉइंटवर खड्डा आणि टेकडी तयार होते, तिथे फिलर गेज चुकीचं माप देतं. आधी कानसून सपाट करा किंवा नवे घ्या. इलेक्ट्रॉनिक इग्निशन किट लावणार असाल तर अर्थ कुठला, म्हणजे बॅटरीचं कुठलं टोक बॉडीला जोडलं आहे, ते बघा. ही फियाट निगेटिव्ह अर्थ. जुन्या इंग्लिश गाड्या पॉझिटिव्ह अर्थ असतात आणि त्यांचं किट इथे लावलं तर चालू करताक्षणी जळतं.

घोडबंदरकर

रोजच्या वापराचा विचार सोडला. हॅचबॅक राहील, शेजारच्या इमारतीत महिन्याने पार्किंग मिळतं आहे, तिथे फियाट उभी राहील. गाडी बघून आलो. चुंबक सगळीकडे धरला, फक्त डाव्या मागच्या कमानीत हाताएवढी लांबी आहे. जॅकवर दरवाजे नीट लागले. चेसिस नंबर जुळतो, पोर्टलवर नोंद आहे. रेडिएटरचं पाणी तांबूस. कॉम्प्रेशन: १२५, १२२, ८८, १२४. तिसऱ्यात तेल टाकून ९०. मालक म्हणतो "ट्यूनिंग करा, वर येईल". काय करू?

तुर्भे_लेथ

तेलाने फक्त दोनच वाढले, म्हणजे रिंगा नाहीत. शेजारचे दोन्ही ठीक, म्हणजे दोन सिलिंडरांमध्ये फुटलेलं गॅस्केटही नाही. तिसऱ्याचा व्हॉल्व्ह बसत नाही. पण हेड उघडण्याआधी फिलर गेजने तिसऱ्याची टॅपेट क्लिअरन्स (व्हॉल्व्हवरची फट) बघा. कोणी ती फार घट्ट केली असेल तर व्हॉल्व्ह पूर्ण बंदच होत नाही आणि हाच आकडा येतो. घट्ट निघाली तर मॅन्युअलप्रमाणे बसवा आणि पुन्हा कॉम्प्रेशन घ्या. १२० च्या आसपास आला तर मालक खरं बोलतो आहे.

नाही आला तर तिसरा पिस्टन वर, दोन्ही व्हॉल्व्ह बंद अशा स्थितीत गाडी चौथ्या गिअरमध्ये आणि हँडब्रेकवर ठेवून प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा द्या. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्बोरेटरमधून आली तर इनटेक. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट पाण्याच्या वाटेकडे फुटलं आहे किंवा हेडला तडा आहे. माझा अंदाज एक्झॉस्टचा, जेट_नंबर यांनी पातळ मिश्रणाचं जे लिहिलं तेच कारण.

मग हेड उतरवायचंच आहे असं धरून भाव करा. हेड पूर्ण थंड असतानाच बोल्ट सोडा, बाहेरून मध्याकडे, थोडे थोडे. उतरल्यावर सरळपट्टी लावून वाक मोजा. ०.१ मि.मी. ची पट्टी खालून जात असेल तर फेसिंग (पृष्ठभाग घासून सपाट करणं) करून घ्या, पण कमीत कमी. तांबूस पाण्यामुळे पाण्याच्या वाटांच्या कडा नीट बघा. खाल्लेल्या असतील तर अॅल्युमिनियम वेल्डिंग करून मग फेसिंग. व्हॉल्व्ह ज्यांवर टेकतात त्या सीट वेगळ्या बसवलेल्या असतात, त्यामुळे खराब झालेली एकटी बदलता येते. व्हॉल्व्हचे गाइड (दांड्याच्या नळ्या) ढिले असतील तर तेही त्याच वेळी, नाहीतर नवा व्हॉल्व्ह पुन्हा जळेल. बसवताना बोल्ट मध्यापासून बाहेर, तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचने. ५०० किलोमीटरनंतर थंड इंजिनवर पुन्हा टॉर्क आणि टॅपेट.

कमानीतली लांबी काढून तिथे २० गेजचा पत्रा मिग वेल्डिंगने लावून घ्या. गॅस वेल्डिंगने पत्रा ताणला जातो आणि पुन्हा लांबी भरावी लागते. आतल्या बाजूला गंजरोधक कॅव्हिटी वॅक्स. आणि नव्या पार्किंगवर प्लास्टिकचं कव्हर घालू नका, खाली ओल धरून राहते. छप्पर असेल तर सुती कापड पुरे.

मालकाला हवेची चाचणी त्याच्यासमोर करू द्यायला सांगा. नाही म्हणाला तर हेड, सीट, फेसिंग आणि गॅस्केटचा पूर्ण खर्च वजा करूनच आकडा सांगा.